स्वतःला मार्क देणं थांबवता येतं का?

"आरशासमोर उभं राहायचं आणि रोज सकाळी म्हणायचं, मी छान आहे, मी प्रेम करण्यासारखी आहे." हा सल्ला आपल्याकडे मोटिव्हेशनल स्पीकरपासून मावशीपर्यंत सगळे देतात आणि मनापासून देतात. २००९ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सल्ला खरंच तपासून बघितला. विद्यार्थ्यांना सांगितलं की चार मिनिटं मनात येईल ते लिहीत राहा, त्यातल्या काहींना मधून मधून बेल ऐकवली आणि बेल वाजली की मनात म्हणायचं, "मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे." मग मूड मोजला. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं त्यांना अजून थोडं बरं वाटलं. आणि ज्यांना स्वतःबद्दल चांगलं वाटतच नव्हतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सल्ला दिला जातो तीच मंडळी, त्यांना, स्वतःबद्दल तसंच वाटणाऱ्या पण हे वाक्य न म्हणणाऱ्या लोकांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

का झालं असेल असं? ज्याला आतून स्वतःचा तिटकारा आहे तो हे वाक्य म्हणतो आणि लगेच आतून उत्तर येतं, "कशावरून?" आणि मग एकेक पुरावा बाहेर यायला लागतो, दहावीतले मार्क, तुटलेलं लग्न, वडिलांचं बोलणं, सगळं. स्तुती करायला गेलो आणि खटलाच उभा राहिला. त्याच संशोधनात अजून एक गोष्ट दिसली जी कमी सांगितली जाते. या लोकांना जेव्हा मोकळीक दिली की हे वाक्य तुमच्या बाबतीत कुठे खरं आहे आणि कुठे नाही असा दोन्ही बाजूंनी विचार करा, तेव्हा त्यांना फक्त चांगलंच बघ असं सांगितलेल्यांपेक्षा बरं वाटलं.

सेल्फ एस्टीम, म्हणजे आत्मसन्मान, वाढवा म्हणजे सगळं ठीक होईल ही कल्पना एकेकाळी सरकारी धोरणापर्यंत गेली होती. कॅलिफोर्नियात जॉन व्हॅस्कॉन्सेलोस नावाच्या आमदाराच्या पुढाकाराने १९८६ मध्ये यासाठी टास्क फोर्स नेमला आणि १९९० मध्ये त्याचा रिपोर्ट आला. पुढे २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि इतरांनी तोपर्यंतचं संशोधन एकत्र तपासलं, तर आत्मसन्मान वाढवल्यामुळे मार्क वाढतात याला काही भक्कम आधार सापडला नाही, उलट चांगले मार्क पडले की आत्मसन्मान वाढतो असं जास्त दिसलं.

पण मुळात हा तिटकारा येतो कुठून? जन्मतः कुठलंच बाळ स्वतःला नावं ठेवत नाही. १९४० च्या आसपास अमेरिकेत केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या, सगळ्या एकसारख्या, फरक फक्त रंगाचा. कुठल्या बाहुलीशी खेळायला आवडेल, चांगली कुठली, वाईट दिसणारी कुठली, असे प्रश्न. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. आणि मग शेवटी विचारायचं, यातली तुझ्यासारखी कोण? केनेथ क्लार्क यांनी नंतर सांगितलंय की या प्रश्नाला काही मुलं रडली, काही खोलीतून निघून गेली. आत्ताच जिला वाईट म्हटलं तिच्याकडेच बोट दाखवायचं होतं ना. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या तेव्हा त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचाही संदर्भ होता.

हे वाचताना मला आपल्याकडच्या बारशाची आठवण येतेच येते. मुलगी झाली की रंग कोणावर गेलाय याची चर्चा, "नाकीडोळी छान आहे हो" मधला तो "पण", मग स्थळांच्या जाहिरातीत "गोरी, सडपातळ". त्या मुलीला कोणीही बसवून सांगितलेलं नसतं की तू स्वतःचा राग कर. तिने फक्त ऐकलं, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी तीच वाक्यं तिच्याच आवाजात तिला ऐकू यायला लागतात. समलिंगी मुलामुलींच्या बाबतीतही हेच होतं, आणि इलान मायर या संशोधकाने त्याची मांडणी २००३ मध्ये नीट केली: समाजाकडून होणारा त्रास एक, तो कधीही होईल या भीतीने सतत सावध राहणं दुसरं, स्वतःला लपवत जगणं तिसरं, आणि समाजाचं मत आत मुरून स्वतःचाच तिरस्कार वाटणं चौथं. यातला शेवटचा ताण सगळ्यात अवघड म्हणावा असा, कारण घराचं दार लावून घेतलं तरी तो आतच असतो. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १९७३ मध्ये, आपल्या सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा नाही असं सांगितलं ६ सप्टेंबर २०१८ ला, पण ज्याने आधीची वीस-तीस वर्षं स्वतःला आजारी आणि गुन्हेगार समजून काढलीत त्याच्या आतला कायदा एका दिवसात बदलत नाही.

आता मेंदूकडे येऊ. ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासात, २०१० सालचा आहे, लोकांना एफएमआरआय मशीनमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या मशीनमध्ये, झोपवून काही प्रसंग दिले, उदाहरणार्थ लागोपाठ तिसऱ्यांदा नोकरीसाठी नकाराचं पत्र आलंय. एकदा स्वतःला दोष देतोय अशी कल्पना करायची, एकदा स्वतःला धीर देतोय अशी. दोष देताना मेंदूचे जे भाग जास्त काम करताना दिसले ते साधारण चूक पकडणं आणि स्वतःला रोखणं या कामात असणारे. स्वतःला झोडपत बसलेला माणूस बाहेरून रिकामा बसलेला दिसतो, "नुसता बसून असतो, एवढा कसला थकवा" असं घरचे म्हणतात, पण आत ब्रेक दाबलेला असतो आणि चूक शोधायचं काम अखंड चालू असतं.

या अभ्यासात पॉल गिल्बर्ट नावाचे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञही होते. त्यांना पेशंटबरोबर काम करताना एक गोष्ट सारखी जाणवत होती की पेशंट तर्काने सगळं बरोबर सांगतात, "हो, एका अपयशाने मी नालायक ठरत नाही," पण तरी बरं वाटत नाही. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली की हे वाक्य मनात म्हणताना आवाज कसा असतो? तर तो आवाज खेकसणारा निघाला. "कळतं ना तुला नालायक नाहीस म्हणून, मग रडतेस कशाला!" शब्द समजुतीचे आणि सूर ओरडण्याचा, आणि शरीर सुराला रिअॅक्ट होतं. यातूनच गिल्बर्ट यांनी करुणेवर आधारलेली थेरपी उभी केली. ते म्हणतात आपल्या भावनांच्या ढोबळ तीन यंत्रणा आहेत, धोका ओळखणारी, काहीतरी मिळवायला पळवणारी आणि शांत करणारी. स्वतःचा द्वेष करणाऱ्यांची पहिली सतत पेटलेली असते, दुसरी तिला विझवायला धावते, अजून डिग्री, अजून वजन कमी, अजून पगार, आणि तिसरीला कोणी कधी हातच लावलेला नसतो.

इथे बहुतेकांच्या मनात एक भीती असते आणि ती अगदी खरी असते. स्वतःला माफ करत बसलो तर मी आळशी होईन, मी जो काही आहे तो स्वतःला फटके मारूनच झालोय. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ज्युलियाना ब्रेन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये हे थेट तपासलं. विद्यार्थ्यांना शब्दांची मुद्दाम अवघड टेस्ट दिली, ती वाईट गेली. मग एका गटाला सांगितलं की ही टेस्ट बऱ्याच जणांना अवघड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका, दुसऱ्या गटाला त्यांच्या हुशारीबद्दल बरं वाटेल असं बोललं, तिसऱ्याला काहीच नाही. नंतर पुढच्या टेस्टसाठी अभ्यासाला हवा तेवढा वेळ दिला. पहिल्या गटाने सगळ्यात जास्त वेळ अभ्यास केला. स्तुती केलेल्या गटापेक्षाही जास्त. चुकीकडे न घाबरता बघता आलं तरच माणूस ती दुरुस्त करायला बसतो, असं मला यातून वाटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांच्या कामातही असंच काहीसं येतं, "मी वाईट वागलो" असं वाटणारे माफी मागतात, भरपाई करायला बघतात, आणि "मीच वाईट आहे" असं वाटणारे लपतात किंवा समोरच्यावरच चिडतात.

आणि हाच फरक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी त्यांच्या उपचारपद्धतीच्या मुळाशी ठेवला. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला हा माणूस तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर लाजायचा. १९ व्या वर्षी त्यांनी ठरवलं की ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायचं, महिनाभर. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली. नकार मिळाला तरी आपल्या माणूसपणाला काही होत नाही हे त्यांनी अंगावर घेऊन बघितलं होतं. पुढे १९५५ पासून त्यांनी जी पद्धत विकसित केली त्यात ते सेल्फ एस्टीमच्याच विरोधात होते, कारण आज यश मिळालं म्हणून स्वतःला वर चढवलं की उद्या अपयश आल्यावर खाली उतरवावंच लागतं. कृतीला मार्क द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. पोळी करपली तर ती पोळी करपली, त्यासाठी डब्यातलं सगळं पीठ कोणी ओतून देत नाही.

मराठी माणसाला हे सगळं परकं नाही. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, ही पद्धत आपल्याकडे शिकवली, विवेकनिष्ठ विचार म्हणून मराठीत रुजवली, आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेत डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी ती साध्या बोलीत लोकांपर्यंत नेतात.

मग करायचं काय? "मी ग्रेट आहे" हे वाक्य सोडून द्या, त्याऐवजी खरं असेल तेवढंच बोला. "आज मी आईवर ओरडले, ते चुकलं, मला त्याचं वाईट वाटतंय." इथे थांबायचं, पुढचं "म्हणजे मी आहेच अशी" हे जोडायचं नाही. दुसरं, मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांमधून दिसलंय की ताणाच्या वेळी स्वतःशी "मी" म्हणून बोलण्यापेक्षा स्वतःचं नाव घेऊन बोललं तर थोडं अंतर पडतं आणि लोक कमी अस्वस्थ होतात. म्हणजे नीलिमा असाल तर "नीलिमा, तुला आत्ता कशाची भीती वाटतेय?" आणि हे कोणत्या आवाजात विचारताय ते ऐका.

पहिले काही दिवस हे फार विचित्र वाटेल. ज्यांना लहानपणी प्रेमाने बोलणं मिळालंच नाही त्यांना स्वतःशी मायेने बोलल्यावर आधी रडू येतं, कधी राग येतो, कधी चक्क भीती वाटते. गिल्बर्ट यांनी यावर वेगळं संशोधन केलंय, करुणेची भीती मोजायची प्रश्नावलीही आहे. त्यामुळे तसं झालं तर "मला हेही जमत नाही" असा नवा आरोप स्वतःवर ठेवू नका, थेरपिस्टसुद्धा इथे खूप हळू जातात.

आणि एक, हे मला पोटतिडकीने सांगायचंय. आपण कवडीमोल आहोत असं वाटणं हे डिप्रेशनच्या निदानातल्या लक्षणांपैकी एक आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस तसं वाटतंय, झोप-भूक बिघडलीय, कशातच मन लागत नाही किंवा मरणाचे विचार येतायत, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते, फ्री आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे गेलात तर फक्त डोकं दुखतं, झोप येत नाही, अॅसिडिटी होते एवढंच सांगून परत येऊ नका, आपल्याकडे बहुतेक जण तेवढंच सांगतात. "मला माझाच तिटकारा येतो" हे वाक्य जसं आहे तसं सांगा. बोलता येत नसेल तर कागदावर लिहून न्या आणि तो कागद त्यांच्या हातात द्या.