पाऊस साठवणारं गाव : मोझांबिकचं बेट

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, १५ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, जेमतेम ३ किलोमीटर लांब आणि फार तर ५०० मीटर रुंद असं एक प्रवाळखडकाचं बेट आहे. त्याच्याच नावावरून पुढे अख्ख्या देशाला मोझांबिक म्हणू लागले. १७५२ पर्यंत इथला कारभार गोव्याच्या हाताखाली होता, आणि समोरच्या समुद्रात दीपगृह असलेल्या एका चिमुकल्या बेटाचं नावही गोवाच आहे.

या बेटावर नदी नाही, ओढा नाही. विहिरी खणता येतात, पण पाणी मचूळ लागतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं असल्याने जमिनीत मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्यावर तरंगतो. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी टिकलं, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी सापडावं, असा हिशेब आहे. अरुंद बेटावर मात्र तो फळत नाही. खडक सच्छिद्र, दोन्ही बाजूंना समुद्र जवळ. मुरलेलं पाणी लगेच निसटतं. समजा पातळी १० सेंटिमीटरच वर राहिली, तर खाली उरतो जेमतेम ४ मीटरचा थर, आणि तोही भरती-ओहोटी रोज ढवळत असते. जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं.

मग इथे गाव वसलंच का? बंदरासाठी. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये जहाजांना पुरेसं खोल आणि आडोशाचं पाणी आहे. वास्को द गामा मार्च १४९८ मध्ये आला तेव्हा स्वाहिली-अरब व्यापाऱ्यांची वस्ती इथे होतीच. १५०७ मध्ये पोर्तुगीजांनी ठाणं मांडलं ते वाऱ्याच्या वेळापत्रकामुळे. लिस्बनहून वसंतात सुटलेली जहाजं जुलै-ऑगस्टात इथवर आली, तर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन गोवा गाठत. ऑगस्ट उलटला की वारा फिरे आणि पुढच्या हंगामापर्यंत कित्येक महिने मुक्काम पडे. तहानलेली, स्कर्व्हीने खंगलेली शेकडो माणसं अशा बेटावर उतरायची, जिथे पिण्याजोगं पाणी फक्त आभाळातून मिळे.

त्यामुळे घरांची छपरं सपाट, चुन्याने गुळगुळीत केलेली आणि पन्हळीकडे किंचित उतार दिलेली. पाणी पन्हळीतून थेट टाक्यात. हिशेब सोपा : १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटर गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला की १०,००० लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ८,००० हाती लागतात. पहिल्या सरीचं पाणी टाक्यात घ्यायचं नसतं, कारण त्यात वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

सगळ्यात मोठं टाकं साओ सेबास्तियांव किल्ल्याचं. १५५८ मध्ये सुरू झालेलं किल्ल्याचं काम १६२० पर्यंत रेंगाळलं, पण १६०७ आणि १६०८ च्या डच वेढ्यांत बाहेरचं गाव उद्ध्वस्त होऊनही किल्ला पडला नाही. तटबंदीचं कौतुक सगळेच करतात. माझ्या मते टाक्यालाही तितकंच श्रेय द्यायला हवं.

घरांना दगड लागला तो बेटाच्याच दक्षिण भागातून काढला. प्रवाळखडक ताजा असताना मऊ, सहज कापता येणारा. हवेत तो कडक होतो. तोच भट्टीत ९०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजला की कळीचा चुना मिळतो : शुद्ध चुनखडी असेल तर १०० किलोतून ५६ किलो. बाकीचं वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. चुना विरवून भिंतीला लावला की हवेतला तोच वायू शोषून तो पुन्हा दगड बनतो.

दगड काढून खड्डे उरले, आणि त्या खड्ड्यांतच गरिबांची वस्ती उभी राहिली : माकुटी, म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली घरं, कुडाच्या भिंती. काही ठिकाणी रस्त्यावरून चालताना ही छपरं जवळपास डोळ्यांसमोर येतात. बेटावरची बहुतेक माणसं इथेच राहतात. जोराचा पाऊस आला की पाणी आधी इथेच तुंबतं, पण प्यायला उपयोगी पडत नाही. झावळ्यांवरून ओघळलेलं पाणी पिवळट, कुबट असतं. दगडी घराच्या मालकाकडे टाकं, माकुटीतल्या बाईच्या डोक्यावर हंडा, अशी वाटणी शतकानुशतकं चालली.

हस्तिदंत, दीवच्या वाण्यांनी आणलेलं कापड आणि माणसांचा गुलाम-व्यापार यांवर गाव श्रीमंत झालं. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर जलमार्ग बदलले, १८९८ मध्ये वसाहतीची राजधानी इथून दक्षिणेला गेली, आणि दगडी घरं ओस पडू लागली. १९९१ पासून बेट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

पडझडीची सुरुवात बहुधा गच्चीपासून होते. चुन्याचा थर तडकतो, पाणी तुळयांत मुरतं, लाकूड कुजतं आणि छत खाली येतं. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवणं हा सोपा वाटणारा पण घातक उपाय. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंट ती आत कोंडतं. मग मिठाचे स्फटिक गिलाव्यामागे वाढत जातात आणि दगडाचा भुगा करतात. दुरुस्ती करायची तर आधी सिमेंट खरवडून काढावं, भिंत पुरती वाळू द्यावी आणि मग चुन्याचे पातळ थर, प्रत्येक थर ओलसर ठेवत, एकावर एक चढवावेत. भर उन्हात थर झटकन वाळला, तर तो घट्ट होण्याआधीच भुसभुशीत होऊन सुटतो.