साईड मागण्यापासून लेन कापण्यापर्यंत

मराठी माणूस गाडी चालवताना रस्ता मागत नाही, साईड मागतो. पुढच्याने दिली तर ‘साईड दिली’, नाही दिली तर ‘देतच नव्हता हो!’ आणि मग घरी पोचेपर्यंत तोच विषय. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर खरे तर यातले काहीच लागायला नको. एका दिशेला तीन लेन. डावी जड वाहनांची, मधली मोटारींची, उजवी फक्त पुढे निघण्यापुरती. मागायचे काही नाही, द्यायचेही काही नाही. तरी शुक्रवारी संध्याकाळी खंडाळ्याच्या चढावर तिन्ही लेनमध्ये तीन ट्रक शेजारी शेजारी धापा टाकत असतात, मागे मोटारी डिपरवर डिपर मारत असतात आणि एखादा शहाणा डावीकडच्या कडेने घुसून सगळ्यांच्या पुढे जाऊन अडकतो.

ही बेशिस्त आहे, यात वाद नाही. पण तिच्यातल्या बऱ्याच सवयी एकेकाळी शिष्टाचार होत्या. ज्या रस्त्यावर त्या रुजल्या तो रस्ता आज उरलेला नाही, एवढेच.

त्या रस्त्याची सुरुवात याच घाटात शोधता येते. १८३० मध्ये, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, बोरघाटातून चाकाच्या वाहनांसाठी रस्ता खुला झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवर किंवा हमालांच्या डोक्यावर चढायचा. घाटात भरलेली बैलगाडी एकदा थांबली की पुन्हा हलवणे हे बैलांच्या जिवावरचे काम, म्हणून उतरणाऱ्याने थांबायचे आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. बैल गेले, ट्रक आले, पण भरलेल्या ट्रकचेही तेच. चढावर पहिल्या गिअरमध्ये आलेली गाडी थांबली की क्लच जळतो, मागे घरंगळण्याची भीती वेगळीच. पुढे १९८९ च्या रस्तेविषयक नियमावलीत हे लेखीच आले: अरुंद चढउताराच्या रस्त्यावर उतरणाऱ्या गाडीने कडेला थांबून चढणाऱ्या गाडीला जाऊ द्यावे. कायद्याच्या पुस्तकात इतका माणुसकीचा नियम क्वचित सापडतो.

आता या रस्त्यांची रुंदी पाहू, कारण सगळी गोम तिच्यात आहे. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारावा, ही त्या समितीची शिफारस. १९२९ मध्ये तो निधी सुरू झाला आणि १९३४ मध्ये रस्ते अभियंत्यांची इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी पुढच्या वीस वर्षांचा आराखडा केला. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते ही आज आपल्या तोंडी असलेली उतरंड त्या ‘नागपूर योजने’तली. कागदावर उतरंड आली, पण डांबर मात्र पुरेना. एकपदरी रस्ता म्हणजे पावणेचार मीटर डांबर, दुपदरी म्हणजे सात. ट्रकची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. पावणेचार मीटरवर समोरासमोर आलेले दोन ट्रक एकमेकांना ओलांडणार कसे? एकाने किंवा दोघांनीही डावी चाके डांबराखाली उतरवायची. डांबराच्या कडेची ती मातीची पट्टी म्हणजे साईडपट्टी. साईड देणे हा शब्दप्रयोग तिथे अक्षरशः खरा होता: मी माझी चाके मातीत घालतो, तू डांबरावरून जा.

हे फुकटचे सौजन्य नव्हते. साईडपट्टी खचलेली असायची, डांबराची कड वीतभर उंच राहायची, पावसाळ्यात चाक उतरले की रुतले. म्हणून देणारा आधी घेणाऱ्याला जोखायचा: गाडी भरलेली आहे की रिकामी, एसटी आहे की खासगी मोटार, मागे किती गाड्या आहेत. रिकाम्याने भरलेल्याला द्यावी, लहानाने मोठ्याला द्यावी, असा अलिखित मान असायचा. मोठ्याला द्यावी या भागाचे पुढे काय झाले, ते कुठल्याही महामार्गावर मोटारसायकल घेऊन गेलेल्याला सांगायची गरज नाही.

आणखी एक सवय याच काळातली: रस्त्याच्या मधोमध चालणे. डाव्या कडेला पायी माणसे, सायकली, कडब्याच्या गाड्या, म्हशी, वाळत घातलेले धान्य आणि तुटलेली कड. रात्री बैलगाडी चालायची तीही मधून, गाडीवान आत झोपलेला, खाली कंदील हेलकावत असलेला. शहाणा ड्रायव्हर मधून चालायचा आणि समोरून कोणी आला की डावीकडे सरकायचा. नवशिक्याला उस्तादही तेच शिकवायचा: कडेला जाऊ नको, मध धर. आज सहापदरी रस्त्यावर उजवी लेन धरून साठच्या वेगाने निवांत चाललेला ट्रक किंवा टॅक्सी पाहिली की मला तो उस्ताद आठवतो. त्याचा शिष्य अजून मधच धरून आहे, फक्त रस्त्याचा मध्य सरकला आहे.

हॉर्नचेही असेच. आपल्या ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ का लिहितात, याच्या दंतकथा भरपूर. युद्धकाळात रॉकेलवर चालणाऱ्या गाड्यांशी कोणी ‘ओके’चा संबंध लावतो, कोणी एका जुन्या साबणाच्या जाहिरातीशी. पुरावा कशालाच नाही. पण ‘हॉर्न प्लीज’ला दंतकथेची गरजच नाही. लाकडी बॉडीचा ट्रक, केबिनमध्ये इंजिनाची घरघर, आरसा असलाच तर धुळीने भरलेला किंवा फुटलेला. मागे कोण आहे हे ड्रायव्हरला कळणार कसे? तर मागच्याने हॉर्न द्यावा. मग डावीकडे बसलेला क्लीनर मान बाहेर काढून बघणार, दारावर थाप मारणार, आणि ड्रायव्हर उजवा हात खिडकीबाहेर काढून मागून पुढे हलवणार: या, रस्ता मोकळा आहे. हा हातही नियमात होता. मागच्याने पुढे जावे असे सुचवायचे तर उजवा हात आडवा बाहेर काढून अर्धवर्तुळात मागेपुढे हलवावा, असे नियमावली सांगत होती. एका अनोळखी माणसाने दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहून त्याला पुढे सोडायचे, आणि त्याने विश्वासाने जायचे. आज हे वाचताना काटा येतो, पण तेव्हा सगळी वाहतूक त्यावर चालायची.

पुढे हात आत गेला आणि त्याचे काम इंडिकेटरकडे आले. तिथून घोळ सुरू झाला. हात उजवा होता म्हणून काहींनी ‘या’ म्हणायला उजवा इंडिकेटर दिला. काहींनी विचार केला, मी डावीकडे सरकतो आहे, म्हणून डावा. आणि ज्याला खरोखर उजवीकडे वळायचे आहे तोही उजवाच देणार. ट्रकचा उजवा दिवा लुकलुकला तर तो ‘या’ म्हणतो आहे, ‘थांबा’ म्हणतो आहे, की शेतात वळतो आहे? यातून झालेल्या अपघातांची स्वतंत्र नोंद कोण ठेवणार!

डिपरची भाषा तर आणखी पातळ. ‘यूज डिपर ॲट नाईट’ ही ट्रकमागची दुसरी अमर ओळ. समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश पडू नये म्हणून दिवा खाली करा, एवढीच विनंती. अरुंद पुलावर याच दिव्याची वेगळी रीत होती: ज्याने आधी दिवा दाखवला तो आधी जाणार. म्हणजे दिव्याचा अर्थ ‘मी येतोय’. बऱ्याच देशांत चालक दिवा दाखवतो तो ‘तुम्ही आधी’ म्हणण्यासाठी, आपल्याकडे ‘तू थांब’ म्हणण्यासाठी. परदेशी गाडी चालवून आलेला पाहुणा इथे पहिल्या दिवशीच फसतो तो यामुळे. डिपरचा तिसरा उपयोग मात्र निखळ बंधुभावाचा: पुढे मामा उभे आहेत. पावती फाडायला बसलेल्या पोलिसाची वर्दी समोरून येणाऱ्या परक्या माणसाला देणे, याइतके निरपेक्ष सौजन्य आपल्या महामार्गांवर दुसरे नसेल.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि या व्यवस्थेला पहिला तडा गेला. त्याआधी ॲम्बेसेडर, फियाट आणि टाटाचा ट्रक यांच्या वेगात फरक होता, पण भांडण होण्याइतका नव्हता. आता हलकी, चपळ गाडी ट्रकच्या मागे अडकू लागली आणि ‘हॉर्न प्लीज’ची विनंती हॉर्नच्या हुकुमात बदलली. दहा-पंधरा वर्षांत गाड्यांची संख्या आणि वेग दोन्ही वाढले, रस्ता बहुतेक ठिकाणी तोच सात मीटरचा. याच काळात कधीतरी मागच्या काचेवर ते स्टिकर आले: ‘बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं’. साईड मागणाऱ्याने आता ती हिसकावली, आणि वर त्याचा मजकूरही छापून घेतला.

मग रस्ते रुंदावले. १९९९ च्या जानेवारीत दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाची पायाभरणी झाली आणि पुणे-सातारा-कोल्हापूर रस्ता त्याच्या मुंबई-चेन्नई बाजूत आला. दुभाजक पडला, समोरासमोरच्या धडकांची भीती कमी झाली. पण दुभाजकाने गावे मधोमध कापली. घर एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला, आणि दुभाजक फोडून ठेवलेली जागा दोन-अडीच किलोमीटरवर. ज्या माणसाचे आजोबा सरळ रस्ता ओलांडून रानात जायचे, तो आता पाच किलोमीटर फिरून जाईल, अशी अपेक्षा आराखड्याने केली. तो फिरला नाही. कडेने उलटा गेला. आज ‘राँग साईड’ म्हणून आपण ज्याला शिव्या देतो, त्यातला मोठा भाग असा जन्मला. पुलाखालचा भुयारी रस्ता जिथे वेळेवर झाला, तिथे उलटे येणारे कमी दिसतात. सगळेच नाही हो, दोनशे मीटर वाचवण्यासाठी पंपातून उलटे निघणारेही आहेतच, आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे कुठलाही इतिहास नाही. उसाच्या हंगामात यात ट्रॉल्यांची भर पडते: मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि स्पीकर एवढा मोठा की हॉर्न ऐकू जाण्याचा प्रश्नच नाही.

द्रुतगती महामार्ग हा या सगळ्यापासून पूर्ण तुटलेला रस्ता. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहापदरी, काँक्रीटचा. २००० पासून टप्प्याटप्प्याने खुला होत २००२ मध्ये पूर्ण. बैलगाडी नाही, दुचाकी नाही, रिक्षा नाही, चौक नाही, समोरून येणारा कोणी नाही. म्हणजे ज्या अडचणींवर तोडगा म्हणून जुन्या सवयी जन्मल्या, त्यातली एकही इथे नव्हती. पण चालवायला आलेली माणसे जुन्या रस्त्यावरून आली होती. लायसन्ससाठी आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढला, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत गल्लीबोळ फिरलो; शंभरच्या वेगात लेन कशी बदलावी, बाजूच्या रस्त्यावरून मुख्य प्रवाहात कसे मिसळावे, हे कुणी कुणाला शिकवले? फलक लावले: ‘अति घाई संकटात नेई’. यमक छान, पण उजव्या लेनमध्ये रेंगाळणाऱ्याला त्यात आपले कौतुकच दिसले असेल.

किंमत मोठी होती. २००१ मध्ये अभिनेत्री भक्ती बर्वे याच रस्त्यावर अपघातात गेल्या. २०१२ च्या डिसेंबरमध्ये दुभाजक ओलांडून आलेल्या टेम्पोच्या धडकेत अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. नावे माहीत असलेली म्हणून ती लक्षात राहतात. २०१६ या एका वर्षात इथे १५१ माणसे मेली. त्याच वर्षी रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाईफ फाउंडेशनने रस्ते विकास महामंडळाबरोबर इथले मृत्यू शून्यावर आणण्याचा प्रकल्प हाती घेतला: कठडे, फलक, उभ्या ट्रकांवर लक्ष, लवकर मदत. पुढच्या काही वर्षांत आकडा बराच खाली आला, शून्य मात्र झाला नाही.

नियमही बदलत गेले. २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी ट्रकमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली. रंगाऱ्यांनी काही ती फारशी मनावर घेतली नाही. २०१७ मध्ये १९८९ ची नियमावली जाऊन नवी आली. त्याच वर्षी १ मेपासून मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरच्या लाल दिव्याचा थाट संपला. २०२४ च्या जुलैपासून द्रुतगती मार्गावर कॅमेरे वेग आणि लेन दोन्ही पाहू लागले. चलन मोबाइलवर येते. कॅमेऱ्याची वर्दीही आता मोबाइलच देतो, म्हणून कमानीच्या अलीकडे सगळी रांग एकदम सभ्य होते आणि पलीकडे पुन्हा पूर्ववत. डिपर मारून मामांची खबर देणारा तो समोरचा अनोळखी माणूस मात्र दुभाजकापलीकडे गेला.

२०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना बोरघाटातला १८३० सालचा अमृतांजन पूल पाडला. त्याचे खांब वाहतुकीला अडत होते. पूल गेल्यावर तरी तिथली कोंडी संपेल असे वाटले होते. चढ तोच राहिला, आणि उजव्या लेनमधला ट्रकही.

वरंधच्या नाहीतर आंबेनळीच्या घाटात अजून कधी वेगळे दृश्य दिसते. उतरणारी एसटी वळणाच्या अलीकडेच थांबते, चाके गवतात. खालून भरलेला टेम्पो कण्हत येतो, निघून जातो. टेम्पोवाला स्टिअरिंगवरची दोन बोटे उचलतो, एसटीवालाही उचलतो, आणि बस पुढे निघते.