बखरकार

बखर या मराठी गद्य वृत्तांताचा कर्ता. गतकाळातील व्यक्ती व घडामोडी यांविषयी लिहिणाऱ्यास चरित्रकार, इतिहासकार, इतिहाससंशोधक अशीही नावे आहेत. मात्र त्यांच्यातील सीमारेषा अलीकडची आहे.

‘बखर’ हा ‘खबर’ या अरबी शब्दाचा वर्णविपर्यय (अक्षरांची अदलाबदल) असावा, असे मत सामान्यतः मान्य आहे. फार्सी लेखनातील ‘ब-खैर’ या समाप्तिदर्शक शब्दाशीही त्याचा संबंध जोडला जातो. पण अखेरचा शिष्टाचाराचा शब्द सबंध लेखनाचे नाव कसा झाला, हे त्यातून उलगडत नाही. ‘बोलणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूपासूनची व्युत्पत्ती त्याहून दुर्बळ होय. बखर बहुधा धन्याने विचारलेल्या हकीकतीच्या उत्तरादाखल लिहिलेली असे, हे ध्यानात घेता ‘खबर’ अर्थदृष्ट्याही जवळचा ठरतो.

बखरकार प्रायः दरबारी लेखक वा कारकून असत. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे शिवचरित्र लिहिले. त्याचा काळ १६९७ धरतात; काहींनी १६९४ मानला आहे. राजाराम महाराजांच्या जिंजीतील मुक्कामात (१६८९–९८) दोन्ही साले बसतात, त्यामुळे एवढ्यावरून निर्णय होत नाही. एकोणिसाव्या शतकारंभी मल्हार रामराव चिटणीसाने साताऱ्यास रचलेला ग्रंथ ‘सप्तप्रकरणात्मक चरित्र’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे आज बखरकार म्हणून गणलेल्यांचे लेखन ‘चरित्र’ या नावानेही चालत असे. पानिपतच्या युद्धाची हकीकत सांगणाऱ्या भाऊसाहेबांच्या (सदाशिवरावभाऊंच्या) बखरीचे कर्तृत्व कृष्णाजी शामरावाकडे देण्याची रूढी आहे, ती निर्विवाद नाही.

ब्रिटिश अमदानीतही शब्द सैलपणे वापरला जाई. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इंग्रजी इतिहासाचे कॅप्टन डेव्हिड केपनकृत मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने निघाले, आणि नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ च्या सुमारास त्यावर केलेली टीकाही ‘बखरीवरील’ म्हणूनच ओळखली गेली. ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकाने १८७८ पासून जुन्या बखरी छापल्या. पुढे वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला; अस्सल पत्रांपुढे बखरी त्यांनी फारशा विश्वसनीय मानल्या नाहीत. तेव्हापासून ‘बखरकार’ या शब्दाला रंजक पण सैल लेखनाची छटा चिकटली. ती सरसकट लावणे योग्य नाही. सभासदाने दिलेल्या किल्ले व कारखान्यांच्या (राज्याच्या खात्यांच्या) याद्या अभ्यासक आजही वापरतात.

चरित्रकाराची परंपरा निराळी व जुनी आहे. म्हाइंभटाचे लीळाचरित्र हे चक्रधरस्वामींचे चरित्र तेराव्या शतकातले. अठराव्या शतकातील महीपती हा संतचरित्रकार म्हणून प्रसिद्ध आहे. गो. स. सरदेसाई (१८६५–१९५९) यांना लाभलेले ‘रियासतकार’ हे अभिधान त्यांच्या ‘रियासत’ या ग्रंथमालेवरून आले असून अन्य कोणास लावले जात नाही.