दंड तेवढाच, ताकद दीडपट

माझा भाचा जानेवारीत जिमला लागला आणि फेब्रुवारी उजाडताच त्यानं ते सोडलंही. का, म्हणून विचारलं तर शिंप्याची टेप घेऊन आला. "मामा, तूच बघ. पाच आठवडे मरमर केली. दंड तेव्हाही साडेअकरा इंच होता, आजही साडेअकराच." मी विचारलं, डंबेल केवढ्याचं उचलत होतास? पहिल्या दिवशी पाच किलोनं दहा वेळा करताना हात लटपटत होता, आता साडेसातनं दहा सहज होतात, असं तो ओघात सांगून गेला. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. मला वाटलं. दंड वाढला नाही, तर हे जास्तीचे अडीच किलो उचलले कुणी?

स्नायू म्हणजे तंतूंची जुडी, हे शाळेत शिकलेलं असतं. पण तंतू आपणहून आखडत नाही. मेरुरज्जूतल्या चेतापेशीकडून त्याला हुकूम यावा लागतो. एका चेतापेशीच्या ताब्यात अनेक तंतू असतात: डोळा फिरवणाऱ्या स्नायूत जेमतेम दहाएक, पोटरीत हजाराहून अधिक. चेतापेशी आणि तिचे तंतू मिळून एक तुकडी झाली असं समजू. हुकूम सुटला की तुकडीतले सगळे तंतू आखडतात, निम्मे कामाला आणि निम्मे रजेवर असं होत नाही. मग तोच दंड चहाचा कप हळुवार आणि पाण्याची कळशी जोरात कशी उचलतो? किती तुकड्या बोलावल्या आणि प्रत्येकीला सेकंदाला किती वेळा हुकूम गेला, यावर ते ठरतं.

आता माझ्या आवडीचा भाग. तुकड्या बोलावण्याचा क्रम कोण ठरवतं? हार्वर्डमधल्या एलवुड हेनेमननं 1957 साली मांजरांवरच्या प्रयोगांतून याचं उत्तर दिलं. पोटरीचा स्नायू हळूहळू ताणत नेला की मेरुरज्जूतून निघणाऱ्या चेतातंतूंत आधी छोटे विद्युत्स्पंद दिसत, ताण वाढला की मोठे. ताण सोडत आणला की उलट, मोठे आधी थांबत. स्पंद जेवढा मोठा, तेवढी चेतापेशी मोठी. म्हणजे छोट्या पेशींच्या छोट्या, न थकणाऱ्या तुकड्या आधी आणि मोठ्या, दणकट पण लवकर दमणाऱ्या तुकड्या सर्वांत शेवटी. याला आकारतत्त्व म्हणतात.

आणि हा क्रम लावायला मेंदूला वेगळी यादी ठेवावी लागत नाही, दहावीतला ओहमचा नियम पुरतो! चेतापेशीच्या पटलाच्या आत-बाहेर सुमारे उणे 70 मिलिव्होल्टचा फरक असतो. तो उणे 55 च्या आसपास आला की स्पंद, म्हणजेच तो हुकूम, सुटतो. लहान पेशीचं पटल लहान, त्यात विद्युतप्रवाह झिरपून जायला वाटा कमी, म्हणजेच रोध जास्त. व्होल्टता म्हणजे प्रवाह गुणिले रोध. सगळ्या पेशींना सारखाच प्रवाह दिला तरी जिचा रोध जास्त तिची व्होल्टता आधी चढते, म्हणून ती आधी पेटते. मोठ्या पेशीला तेवढ्याच चढासाठी जास्त प्रवाह लागतो. इतक्या साध्या भौतिकीवर आपलं कप-कळशीचं गणित चालतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

नवख्याच्या बाबतीत होतं काय, की हुकूम कमी वेळा सुटतात आणि मोठ्या तुकड्या नेटानं कामाला लागत नाहीत. शिवाय दंडाचा पुढचा स्नायू हात वळवत असताना मागचा घाबरून ब्रेक दाबून बसतो. सरावानं हे सुधारतं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांकडून चार आठवडे नडगीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्याच तुकड्या आधीपेक्षा कमी जोरालाच हजर होऊ लागल्या आणि त्यांचे हुकूम जलद सुटू लागले. यातली सर्वांत मजेदार साक्ष तर फार जुनी आहे. येल विद्यापीठात 1894 साली फक्त उजव्या मुठीचा सराव करून घेतला, तर डाव्या मुठीचीही ताकद वाढली. डाव्या हातानं काहीच केलं नव्हतं; शिकली ती चेतासंस्था. 1979 मध्ये मोरितानी आणि डीव्हराइज यांनी आठ आठवड्यांच्या प्रयोगात हाच हिशेब मांडला: सुरुवातीची वाढ मुख्यतः चेतांची, स्नायूच्या जाडीचा वाटा नंतर मोठा होत जातो. भाच्यानं नेमकं चेतांचं शिक्षण चालू असताना नाव कमी केलं.

म्हणून पहिले दोन महिने टेप आणि आरसा बाजूला ठेवावा आणि वहीत वजन लिहावं. तालमीतला वस्ताद नव्या पोराला थेट कुस्तीला उभं करत नाही. आधी जोर-बैठका आणि हौद्यातली माती उकरणं. जिममध्येही बैठक, कमरेतून वाकून वजन उचलणं, ढकलणं आणि ओढणं, एवढं पुष्कळ झालं. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. वजन असं, की दहा-बारा वेळा केल्यावर अजून दोन-तीनदा झालं असतं असं वाटावं. ते हातात बसलं की थोडंसंच वाढवायचं, कारण चेता शिकतात आठवड्यांत, स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे मात्र महिने घेतात. श्वास कोंडायचा नाही. कॅनडात 1985 साली पिळदार शरीराच्या तरुणांच्या धमनीत नळी घालून मोजलं, तर पायांनी जड वजन रेटताना त्यांचा रक्तदाब सरासरी 320/250 पर्यंत गेला होता. घरात रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तालमीचं सगळंच डोक्यावर घ्यायचं कारण नाही. लंगोट पक्का तरच अंगात ताकद, या समजुतीला काही आधार नाही. आणि तिचीच आधुनिक बहीण म्हणजे डबाभर पावडर घेतल्याशिवाय व्यायाम फुकट, ही समजूत. भारतीय शिफारस शरीराच्या दर किलोला 0.83 ग्रॅम प्रथिनांची आहे. वजन उचलणाऱ्यांना साधारण 1.6 पर्यंत फायदा दिसतो, त्यापुढे फारसा नाही. साठ किलोच्या माणसाला हे झाले 96 ग्रॅम. डाळ, दही, पनीर, अंडी, मासळी यांतून ते जमतं, मात्र वाटीभर वरणावर नाही.

राहिलं दुखणं. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे, असं जिममध्ये अजून छातीठोकपणे सांगतात. ते तर तासा-दोन तासांत रक्तातून निघूनही गेलेलं असतं. राजगड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात त्या गड उतरल्यामुळे. उतरताना स्नायू आखडतही असतो आणि ताणलाही जात असतो, आणि त्या ओढाताणीत त्याची आतली रचना बारीक बारीक विस्कटते. म्हणून डंबेल वर नेण्याइतकंच सावकाश खाली आणणंही व्यायाम असतो. पंधरा दिवसांनी तोच गड पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी असतं.

पण पहिल्याच दिवशी उत्साहात दोनशे बैठका काढल्या, मांड्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र हळदीचं दूध पिऊन झोपू नका. फुटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडात उतरत असतं. त्याच रात्री दवाखाना गाठा.