जानेवारीत रेकॉर्ड झालेला उन्हाळा

मे महिना लागला की एखादा तरी पाश्चात्त्य रॉक बँड जुन्या थाटाचं उन्हाळी सिंगल, म्हणजे सुटं प्रसिद्ध केलेलं गाणं, काढतोच. गाणं तीन मिनिटांच्या आत आटोपतं. टाळ्या, टँबरीन (खंजिरीसारखं वाद्य), खणखणीत गिटार आणि मागे 'ऊ-ऊ' करणारे चार गळे. व्हिडिओत जुन्या फिल्मचे ओरखडे, प्रसिद्धीपत्रकात साठच्या दशकाचा उल्लेख. ही आठवण नेमकी कशाची, हे शोधत मागे गेलं की समुद्रकिनारा कमी आणि स्टुडिओ जास्त लागतात.

आधी मे महिन्याचं. अमेरिकेत उन्हाळा म्हणजे ऋतूपेक्षा सुट्टी. मेच्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे ते सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे, हा तिचा रूढ कालावधी. गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या बिलबोर्ड मासिकाची 'साँग्ज ऑफ द समर' ही यादीही एवढ्याच काळाचा हिशेब करते. जुलैत गाणं सगळीकडे वाजायला हवं असेल, तर ते त्याआधी लोकांच्या कानावरून गेलेलं असावं लागतं.

रॉकमधल्या उन्हाळी गाण्यांच्या वंशावळीत अगदी वर एडी कॉक्रनचं १९५८ चं 'समरटाइम ब्लूज' येतं, आणि ते मजेचं नसून तक्रारीचं आहे. पोराला सुट्टीत काम करावं लागतंय, साहेब सोडत नाही, घरचे गाडी देत नाहीत. दाद मागायला गेला तर लोकप्रतिनिधी सांगतो, तुला अजून मत द्यायचं वय नाही. तेव्हा अमेरिकेत मतदानाचं वय सर्वसाधारणपणे २१ होतं. ते १८ वर यायला १९७१ उजाडलं. चाल मात्र टाळ्यांच्या ठेक्यावर इतकी उसळती की रडगाणं नाचायला लावतं. पुढे हा प्रकार टिकला तो या दुहेरीपणामुळे, असं मला वाटतं.

आवाजाचा भाग यंत्रांनी ठरवला. ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) छोटी तबकडी १९४९ मध्ये आली, खिशात मावेल असा ट्रान्झिस्टर रेडिओ १९५४ मध्ये. गाणं आता मोटारीत आणि वाळूवर ऐकलं जाणार होतं, तेही लहानशा स्पीकरवर. तिथे खर्ज ऐकूच येत नाही. टँबरीन, टाळी आणि वरच्या पट्टीतला गळा तेवढा वाऱ्यातून कानापर्यंत पोचतो. फेंडर कंपनीने १९६१ मध्ये गिटारसाठी वेगळं रिव्हर्ब युनिट, म्हणजे आवाजाला घुमारा देणारं यंत्र, काढलं. त्यात पेटीत ताणलेल्या स्प्रिंगा असतात. गिटारचा सिग्नल त्यांतून थरथरत जातो आणि बाहेर येताना रिकाम्या हॉलमध्ये वाजल्यासारखा लागतो. पेटीला धक्का बसला तर स्प्रिंगा एकमेकींवर आपटून कडकडाट होतो. कॅलिफोर्नियात गिटारवादक डिक डेल आणि त्याच्या मागोमाग आलेल्या सर्फ बँडांनी (सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणं) हा आवाज लाटांशी कायमचा जोडून टाकला.

मग कॅलिफोर्नियाचाच बँड, बीच बॉइज. 'सर्फिन यूएसए' मार्च १९६३ मध्ये बाजारात आलं. त्याचं रेकॉर्डिंग सुरू झालं होतं ऐन जानेवारीत. चाल चक बेरीच्या १९५८ च्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन'ची, त्यामुळे पुढे श्रेय बेरीलाही द्यावं लागलं. म्हणजे समुद्राचं हे 'नवं' गाणं जन्मालाच आलं ते जुनी चाल घेऊन. बँडमध्ये खरा सर्फर एकच, ड्रमर डेनिस विल्सन. ज्याने हा सगळा सागरी संसार रचला, तो थोरला भाऊ ब्रायन लाटांच्या वाटेला जात नसे. त्याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं, आणि गाणी तो मोनोत, म्हणजे डावा-उजवा असा भेद न ठेवता, मिक्स करायचा. सगळे गळे एकाच बिंदूतून येणारा तो दाट, एकजीव आवाज आजचे बँड महागड्या सॉफ्टवेअरने मिळवू पाहतात.

समुद्राविना उन्हाळाही झाला. लव्हिन स्पूनफुलचं 'समर इन द सिटी' ऑगस्ट १९६६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, आणि त्यात मोटारींचे भोंगे व रस्ता फोडणारं ड्रिल ऐकू येतं. ब्रिटनमध्ये १९७० साली मंगो जेरीचं 'इन द समरटाइम' सात आठवडे पहिलं राहिलं.

खरं वळण त्यानंतरचं. १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटाची गोष्ट १९६२ मधल्या उन्हाळ्यातल्या एका रात्रीची. म्हणजे जेमतेम अकरा वर्षांपूर्वीचा काळ 'ते सोनेरी दिवस' म्हणून पडद्यावर आला. शेवटच्या श्रेयनामावलीवर बीच बॉइजचं 'ऑल समर लाँग' वाजतं, जे आलंच १९६४ मध्ये! प्रेक्षकांचं काही अडलं नाही. पुढच्याच वर्षी कॅपिटॉल कंपनीने बीच बॉइजची जुनी गाणी 'एंडलेस समर' या संग्रहात बांधून काढली आणि तो संग्रह पहिल्या क्रमांकावर गेला. नव्या गाण्यांना फारसं कुणी विचारत नसलेला हा बँड रातोरात स्वतःच्याच भूतकाळाचा चालक झाला. 'रेट्रो उन्हाळा' हा माल म्हणून विकता येतो, हे संगीतधंद्याला इथे नीट कळलं.

पंकवाल्यांनी, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या वेगवान, बंडखोर रॉकवाल्यांनी, जुनं सगळं मोडीत काढलं असा समज आहे, पण त्यांच्यातल्याच रमोन्स या न्यूयॉर्कच्या बँडकडे पाहावं. त्यांचं 'रॉकअवे बीच' म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या किनाऱ्यावर बांधलेलं, बीच बॉइजच्या वळणाचं गाणं. फक्त वेग दुप्पट आणि गिटार करवतीसारखी. हे सिंगल कंपनीने काढलं नोव्हेंबर १९७७ मध्ये, न्यूयॉर्क गारठायला लागलं तेव्हा! बाजारातही ते बेताचंच चाललं. डॉन हेन्लीचं 'द बॉइज ऑफ समर'ही ऑक्टोबर १९८४ चं, पण तिथे सरलेला उन्हाळा हाच विषय असल्यामुळे ते शोभलं. ब्रायन अॅडम्सचं 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' १९८५ चं. गाण्यातला नायक बँड काढतो, प्रेमात पडतो. गायक स्वतः १९६९ च्या उन्हाळ्यात नऊ वर्षांचा होता.

तेव्हापासून या गाण्यांचा मालमसाला फारसा बदललेला नाही. रोनेट्स या गायिकांच्या गटाच्या १९६३ च्या 'बी माय बेबी'ची सुरुवात हॅल ब्लेनच्या ड्रमने होते: धम्, धधम्, आणि चौथ्या मात्रेवर कडक फटका. जीझस अँड मेरी चेन या बँडने १९८५ मध्ये तोच ठेका जवळजवळ जसाच्या तसा 'जस्ट लाइक हनी'ला लावला, आणि तो अजूनही फिरतोच आहे. वीझर या बँडने २००१ मध्ये 'आयलंड इन द सन' केलं ते मात्र आवाज खाली ठेवून, कुजबुजत्या 'हिप हिप'वर. हल्लीच्या बँडांना स्प्रिंगांची पेटी विकत घेण्याचीही गरज नाही. कंप्युटरवर तिची हुबेहूब नक्कल मिळते, आणि अशा काही नकलांमध्ये पेटीला धक्का मारल्याचा कडकडाटसुद्धा बटणावर ठेवलेला असतो.