आलेखातली तुटलेली रेघ

हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत मार्च १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. १९६४ चे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल मात्र कोरे आहेत. तरीही ‘आर’ या सॉफ्टवेअरसोबत मिळणाऱ्या याच नोंदींचा आलेख काढला तर रेघ कुठेच तुटत नाही, कारण जानेवारी आणि मे यांना सरळ रेषेने जोडून मधले तीन आकडे भरलेले आहेत. माहितीपानावर तसं स्पष्ट लिहिलंय, पण आलेख कॉपी होऊन पुढे जातो तेव्हा ते पान सोबत जात नाही.

इथे फारसं बिघडलं नाही, कारण तिथे जानेवारी ते मे पातळी चढतीच असते. हेच एप्रिल ते जूनच्या नोंदी नसत्या, तर मार्च आणि जुलै जोडणाऱ्या सरळ रेषेने मे महिन्यातलं वर्षाचं शिखरच कापून टाकलं असतं. पुरात नदीचं मापकयंत्र वाहून गेलं की असंच होतं: नेमका सर्वांत मोठा आकडा हरवतो आणि जोडरेघ सगळं शांत दाखवते.

नोंद नसणं आणि नोंद शून्य असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मौना लोआच्या मूळ फाइलमध्ये कोऱ्या महिन्यांपुढे −९९.९९ असा सांकेतिक आकडा असतो. तो सॉफ्टवेअरला न सांगता आलेख काढला, तर रेघ शून्याखाली कोसळते आणि तीनशेच्या वरचे खरे चढउतार चपटे होऊन दिसेनासे होतात.

एक्सेल रिकाम्या सेलसाठी तीन पर्याय देतं: जागा मोकळी सोडा, शून्य धरा किंवा दोन्ही टोकं जोडा. स्टाटा हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर मुळातच जोडून टाकतं. रेघ तोडायची तर वेगळी सूचना द्यावी लागते. आर आणि पायथन ही प्रोग्रामिंग भाषा रेघ तोडतात, पण कोऱ्या ओळी आधीच गाळल्या असतील तर तीही निमूटपणे जुळते.

माझं मत ठाम आहे: रेघ तुटू द्यावी. अंदाज भरायचाच असेल तर तेवढा भाग तुटक रेघेने काढावा आणि तसं आलेखाखालीच लिहावं. मात्र दोन कोऱ्या जागांच्या मधोमध एकटीच नोंद असेल, तर तिला जोडायला शेजारी नसतो आणि खरा मोजलेला आकडा आलेखातून गायब होतो. त्यासाठी रेघेवर ठिपकेही दाखवायला हवेत.