पाऊणपटीच्या हिशेबापासून न्यूरल नेटवर्कपर्यंत

वाशीच्या खाडीकाठी एखाद्या जुन्या कोळ्याला विचारा, आज पाणी कधी भरणार? तो आधी तुम्हालाच विचारेल, आज तिथी कोणती? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पहाटे आणि पुन्हा दुपारी-संध्याकाळी. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, ते पिढ्यान्‌पिढ्या पाहून बसवलेले हे सूत्र. चंद्राच्या ओढीचे गणित त्यांनी कधी मांडले नव्हते. नोंदीवरून नियम काढला आणि तो रोजच्या रोज पाण्यात उतरून तपासला. मशीन लर्निंगचा, म्हणजे नोंदींवरून यंत्राला नियम शिकवण्याच्या विद्येचा, मूळ विचार याहून फार वेगळा नाही, म्हणूनच त्याची पार्श्वभूमी मला इथून सांगावीशी वाटते.

दुसरेही कारण आहे. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या सखल जमिनीवर शहर उभे राहू लागले. यातला बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली किंवा जेमतेम वर. म्हणून पावसाचे पाणी ओहोटी लागेपर्यंत साठवून ठेवणारे धारण तलाव आले. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये वरच्या कडेला बिजागरी असलेले जड झाकण असते, फ्लॅप गेट. भरती चढली की खाडीचे पाणी ते दाबून बंद करते, ओहोटी लागली की तलावातले पाणी ते ढकलून बाहेर पडते. वीज नको, माणूस नको. पण मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, तर पुढच्या दोन तासांत पाणी कुठवर चढेल? या प्रश्नाला उत्तर देण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींना मोठा इतिहास आहे.

पहिली रीत समीकरणांची. उघड्या प्रवाहातले पाणी कसे वाहते याची समीकरणे फ्रान्सच्या सेंट-व्हेनांट यांनी १८७१ मध्ये मांडली. पूर आणि खाडीची गणिती प्रारूपे (मॉडेल) आजही त्यांच्यावरच चालतात. त्याच सुमारास लॉर्ड केल्विन यांनी भरतीचे भाकीत करणारे चाकांचे आणि कप्प्यांचे यंत्र बनवले, आणि १८७९ मध्ये खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी असे यंत्र लंडनमध्ये तयार झाले. समीकरण सुटत नसेल तिथे लोक पाण्याचीच लहान प्रतिकृती बांधत. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ ची. नद्यांच्या, धरणांच्या, बंदरांच्या सिमेंट-वाळूच्या प्रतिकृतींवर तिथे अजून प्रयोग होतात.

सर्वांत धाडसी प्रयत्न लुईस फ्राय रिचर्डसन यांचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करता करता त्यांनी २० मे १९१० या दिवसाच्या फक्त सहा तासांच्या हवामानाचे गणित हाताने केले. उत्तर साफ चुकले. हवेचा दाब १४५ हेक्टापास्कलने बदलेल असे निघाले, प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. तरी १९२२ मध्ये त्यांनी ते सगळे छापले, चुकलेल्या आकड्यासकट. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. समीकरणे बरोबरच होती. सुरुवातीच्या नोंदींतला गोंधळ त्यांच्यात शिरला आणि फुगत गेला, हे पुढे कळले. १९५० मध्ये एनियाक या सुरुवातीच्या संगणकावर अशा प्रकारचे पहिले यशस्वी भाकीत झाले. २४ तासांचा अंदाज काढायला जवळपास २४ तासच लागले.

दुसरी रीत नोंदींची, आणि तिचा एक मोठा अध्याय आपल्या मॉन्सूनने लिहिला. १८९९ च्या भीषण दुष्काळानंतर, १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याचे प्रमुख म्हणून आले. ते गणिती होते, हवामानशास्त्रज्ञ नव्हते. जगभरच्या ठाण्यांवरच्या दाबाच्या, पावसाच्या, तापमानाच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या आणि भारतीय कारकुनांच्या मोठ्या फौजेकडून त्यांचे परस्परसंबंध काढून घेतले. कारण ठाऊक नसताना, केवळ आकड्यांच्या संगतीतून त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागरांमधला दाबाचा झोका सापडला. आज एल निनोची चर्चा ज्याच्याशिवाय होत नाही, तोच हा झोका.

न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे गणिती जाळे, या दुसऱ्या घराण्यातले. १९४३ मध्ये मॅक्युलॉक आणि पिट्स यांनी चेतापेशीचे गणिती रूप मांडले, १९५८ मध्ये रोझेनब्लॅट यांचा पर्सेप्ट्रॉन हा अशा नेटवर्कचा साधा सुरुवातीचा नमुना आला, १९६९ मध्ये मिन्स्की आणि पेपर्ट यांनी त्याच्या मर्यादा दाखवल्या आणि उत्साह ओसरला. १९८६ मध्ये रूमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी अनेक थरांच्या नेटवर्कला चुकीवरून मागे मागे जात कसे शिकवायचे ते दाखवून दिले. १९८९ मध्ये सिद्ध झाले की पुरेसे मोठे नेटवर्क कोणत्याही सलग फलनाच्या (कुठेही न तुटणाऱ्या गणिती संबंधाच्या) हवे तितके जवळ जाऊ शकते. अभियंत्यांना एवढे पुरले. आयआयटी मुंबईत प्रा. एम. सी. देव यांनी १९९८ च्या सुमारास समुद्रलाटांच्या उंचीचे पुढच्या काही तासांचे अंदाज नेटवर्कने काढले. त्या काळी असे काम आपल्याकडे होत होते, हे आवर्जून सांगायला हवे.

दोन्ही घराणी जुळली तीही त्याच काळात. १९९८ मध्ये ग्रीसच्या लागारिस, लिकास आणि फोटियाडिस यांनी विकलक समीकरणेच, म्हणजे एखादी गोष्ट कशी बदलत जाते ते सांगणारी समीकरणेच, नेटवर्ककडून सोडवून घेतली. कल्पना काळाच्या पुढे होती, यंत्रे नव्हती. २०१९ मध्ये रायसी, पेर्डिकारिस आणि कार्नियाडाकिस यांच्या निबंधाने तिला पुन्हा बळ दिले.

ती कल्पना तलावावरच पाहू. दहा हेक्टरचा तलाव, त्यात पाणी सोडणारा एक चौरस किलोमीटरचा परिसर, गेट बंद, तासात ६० मिमी पाऊस. सगळा पाऊस वाहून आला तर ६०,००० घनमीटर पाणी, म्हणजे तलाव ६० सेंटीमीटर चढणार. केवळ जुन्या नोंदींवर शिकलेले नेटवर्क इथे बिनदिक्कत २० सेंटीमीटर सांगू शकते, कारण असा पाऊस त्याने पाहिलेलाच नसतो. नवी रीत नेटवर्कची चूक दोन ठिकाणी मोजते: मोजलेल्या पातळीशी किती फरक पडला, आणि आलेले पाणी वजा गेलेले पाणी म्हणजे साठ्यातली वाढ, हा नियम किती मोडला. शिकताना दोन्ही चुका कमी कराव्या लागतात.

हवामानात मात्र २०२३ मध्ये निराळेच घडले. गूगल डीपमाइंडच्या ग्राफकास्ट या नेटवर्कने समीकरणे न सोडवता दहा दिवसांचा जागतिक अंदाज मिनिटाच्या आत दिला आणि बहुतेक कसोट्यांवर युरोपीय हवामान केंद्राच्या, समीकरणांवर चालणाऱ्या प्रारूपालाही मागे टाकले. त्यावर समीकरणांचे युग संपले असे लिहिले गेले, ते मला पटत नाही. ग्राफकास्ट ज्या १९७९ पासूनच्या नोंदींवर शिकले, त्या नोंदी प्रत्यक्ष मोजमाप आणि समीकरणांचे प्रारूप यांची सांगड घालूनच तयार केलेल्या आहेत. २०२४ चे भौतिकीचे नोबेल हॉपफिल्ड आणि हिंटन यांना न्यूरल नेटवर्कच्या पायाभूत कामासाठी मिळाले, तेव्हा नेटवर्कशी भौतिकीचे नाते किती जुने आहे हे निदान उघडपणे बोलले गेले.

आपल्या भागासाठी खरी अडचण वेगळी आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३. एका ठाण्याच्या नोंदीवर शिकलेले नेटवर्क दुसऱ्या ठाण्याचा तो दिवस कधीच ओळखणार नाही. म्हणून मला या विद्येचा उलटा उपयोग जास्त मोलाचा वाटतो, जो २०१९ च्या निबंधातही होता: पातळीच्या नोंदींवरून न दिसणारी गोष्ट शोधणे. आपले धारण तलाव गाळाने उथळ झालेत, कडेने कांदळवन वाढले आहे. मूळ खोली नकाशात असेल, पण आज किती पाणी मावते ते पावसात तलाव ज्या वेगाने चढतो त्यातच लपलेले असते. ते काढायला तीनच गोष्टी लागतात: दर पंधरा मिनिटांचा पाऊस, गेटबाहेरची खाडीची पातळी आणि तलावाच्या भिंतीवर रंगवलेली एक मोजपट्टी, जिची नोंद कुणीतरी रात्रीही घेत असेल.